रंगाआधीचा गोंद: इंदिरानगरच्या चार भिंतींचं काम

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या त्या फ्लॅटमध्ये रंग द्यायचं काम चार दिवसांचं होतं आणि भिंती रंगाजोग्या करायचं नऊ दिवसांचं. इमारत नव्वदीच्या दशकातली. हॉलच्या लांब भिंतीवर व्हिनाइलचा वॉलपेपर, टीव्हीमागे विटांच्या नक्षीचे फोमचे थ्रीडी पॅनल, मुलांच्या खोलीत जमिनीपासून तीन फुटांपर्यंत चिकटवलेलं पीव्हीसी फ्लोअरिंग आणि बेसिनच्या वर सिलिकॉनने बसवलेला आरसा. चिकटवलेल्या वस्तू चार, गोंद चार जातींचे, आणि खालच्या भिंतीही तीन प्रकारच्या. जुना गोंद काढायला एकच औषध सांगा म्हणणाऱ्याला म्हणूनच उत्तर देता येत नाही. एका भिंतीवर जे चालतं ते शेजारच्या भिंतीचं नुकसान करतं.

घरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वरचा कागद निघाला की त्याच गोंदावर पुट्टी ओढली तर नाही का चालणार?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. कागदाचा गोंद पाण्यात फुगतो. त्यावर पुट्टी किंवा प्रायमर लावला की त्यातलं पाणी गोंद पिऊन घेतो, मऊ पडतो आणि वाळताना आक्रसतो. आक्रसताना वरचा ओला थर सोबत ओढतो. मग दुसऱ्या दिवशी भिंतीवर चिखल वाळून तडकल्यासारख्या बारीक भेगा दिसतात. कधी त्या लगेच दिसतही नाहीत. पावसाळ्यात हवेतला ओलावा आत शिरला की गोंद पुन्हा फुगतो आणि श्रावणात पापुद्रे सुटतात. रबरी गोंदाचं वेगळं. तो पाणी पीतच नाही, त्यामुळे त्यावर पाण्याचा प्रायमर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बाजूला सरकतो. आणि चुकून बसलाच, तर काही महिन्यांत त्यातून पिवळे-तपकिरी डाग वर येतात. काकूंना हे सांगितलं, वॉलपेपरच्या भिंतीचा कोपरा ओला करून बोटाने चोळून दाखवला आणि मग काम सुरू झालं.

पहिला दिवस ओळखण्यात गेला. हा दिवस वाचवायला जाऊ नये. पडद्यामागे किंवा दाराच्या मागे, जिथे नजर जात नाही अशा जागी, दोन इंच रुंदीचा गोल १२० नंबरच्या पॉलिश पेपरने तिरका घासत खाली नेला की भिंतीचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाबाहेर एक दिसतात. हॉलमध्ये वरून खाली असे निघाले: प्लास्टिक पेंट, व्हाइट सिमेंटची पुट्टी, जुना डिस्टेंपर, नीरू (म्हणजे चुन्याचा गुळगुळीत हात), मग सिमेंटचा गिलावा. मुलांच्या खोलीत पुट्टी कधी लागलीच नव्हती. नीरूवर थेट ऑइल बाउंड डिस्टेंपर होता. टीव्हीच्या भिंतीवर नंतर कोणीतरी पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओढलेलं होतं. पीओपी आहे की नीरू, ही शंका असेल तर खरवडून चिमूटभर पूड बशीत घ्यावी आणि वर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. चुन्याची किंवा सिमेंट-पुट्टीची पूड फसफसते, पीओपी शांत राहतं. परीक्षा बशीतच करायची. व्हिनेगर भिंतीवर नेऊ नये.

मग बोटांच्या पेरांनी आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळी भिंत वाजवून घेतली. जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल केला. गिलावा सुटलेला असेल तर गोंद खरवडताना तो थाळीएवढा खाली येतो, आणि मग दोष गोंदाला दिला जातो. हॉलमध्ये खिडकीखाली एक असा भाग होता, साधारण दीड फूट. तो आधीच पाडून, नवा गिलावा करून सुकायला सोडला.

गोंदाची जात ओळखायला चार गोष्टी पुरल्या: गरम पाण्यात पिळलेलं फडकं, केस वाळवायचा ड्रायर, सर्जिकल स्पिरिट आणि टर्पेंटाईन. फडकं दहा मिनिटं दाबून ठेवल्यावर गोंद पांढरा होऊन बुळबुळीत झाला तर तो पाण्याचा, म्हणजे कागदाची पेस्ट किंवा सुतारकामाचा पांढरा गोंद. काहीच झालं नाही तर ड्रायरने गरम करायचा. बोटाला चिकटायला लागला तर टेपचा नाहीतर रबरी. त्यातला फरक फडक्याने कळतो. स्पिरिटने लडबडला तर बहुतेक टेप-फोमचा ॲक्रिलिक गोंद, टर्पेंटाईनने फुगून त्याच्या तारा निघाल्या तर रबरी. यांपैकी कशानेच हलला नाही आणि नखाने दाबल्यावर खोडरबरासारखा उसळला तर सिलिकॉन. पाण्याच्या गोंदात खळीचा, म्हणजे स्टार्चचा, गोंद आहे का हे बघायला औषधाच्या दुकानातलं पोविडोन आयोडीन पाण्यात पातळ करून एक थेंब टाकावा. निळा-काळा झाला तर खळ. तपकिरीच राहिला तर सेल्युलोजची पेस्ट किंवा कृत्रिम गोंद. हॉलमध्ये निळा-काळा आला. ती खूण आम्ही शेवटपर्यंत वापरली.

पाणी वापरायच्या आधी त्या खोलीच्या विजेचा एमसीबी खाली केला, स्विचबोर्डांवर प्लास्टिक लावून कडा टेपने बंद केल्या. फरशीवर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर जुन्या चादरी, कारण नुसत्या ताडपत्रीवर ओला गोंद पडला की पाय घसरतो आणि तोच गोंद तळव्यांबरोबर सगळ्या घरात फिरतो.

हॉलची भिंत १२ बाय १०, म्हणजे १२० चौरस फूट. व्हिनाइलच्या वॉलपेपरला दोन थर असतात. वर प्लास्टिकची कातडी, मागे कागद. पाणी मारायची घाई इथेच नडते. प्लास्टिकमधून पाणी आत जात नाही. बरेच जण मग पाणी शिरावं म्हणून कटरने आडव्या-उभ्या चिरा मारतात आणि त्या चिरा खालच्या पुट्टीत उतरतात. पुढे दोन हात पुट्टी भरूनही त्या तिरप्या उजेडात दिसत राहतात. आम्ही कटर फक्त कोपऱ्यात, कागदाची कड उचलण्यापुरता वापरला. कड सुटली की पट्टा भिंतीला जवळजवळ समांतर धरून हळूहळू खाली ओढायचा. काटकोनात, स्वतःकडे ओढला की मागचा कागदही फाटतो आणि पुट्टीचे टवके येतात. वरची कातडी तासाभरात कोरडीच निघाली. मागचा भुरा कागद भिंतीवर राहिला. तो राहणारच, आणि राहिला हे बरं, कारण तोच पाणी धरून ठेवतो.

पाच लिटर गरम पाण्यात, हात घालता येईल इतपत गरम, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे. जास्त साबण घातला तर तो धुऊन काढायला वेगळं काम लागतं. झाडांना फवारणी करायचा दोन लिटरचा पंप घेतला. तीन फूट बाय तीन फुटांचा तुकडा फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा फवारायचं, पुन्हा दहा मिनिटं. तेवढ्या वेळात शेजारचा तुकडा भिजत घालायचा. एकदम सगळी भिंत भिजवली तर शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचेस्तोवर तो वाळलेला असतो आणि पहिल्या तुकड्याखालची पुट्टी भिजून मऊ झालेली असते. खरवडायच्या चार इंची पट्टीची दोन्ही टोकं कानसीने गोल करून घेतली होती. पट्टी भिंतीशी तीसेक अंशांत, फार जोर न लावता. कागद भिजला असेल तर तो लोण्यासारखा पट्टीवर गोळा होतो. जोर लावावा लागतोय म्हणजे पाच मिनिटं आणखी थांबायला हवं. जास्त दाबून वेळ वाचत नाही, खड्डे वाढतात.

कागद गेल्यावर भिंत स्वच्छ दिसते. इथेच बहुतेक ठिकाणी काम थांबतं, आणि खरी चूक इथेच होते. कागदाखाली गोंदाचा पारदर्शक पातळ थर भिंतीवर तसाच असतो. तो ओला असताना दिसत नाही, वाळला की मंद चमकतो. मोबाईलचा टॉर्च भिंतीला खेटून तिरपा धरला की ही चमक गोगलगाय चालून गेल्यासारखी दिसते. तो काढायला दोन बादल्या ठेवल्या, एक साबणाच्या गरम पाण्याची, एक साध्या पाण्याची. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने हलक्या हाताने गोल चोळायचं, स्पंजने पुसायचं, स्पंज साध्या पाण्यात पिळायचा. दर २० चौरस फुटांनंतर दोन्ही बादल्यांचं पाणी बदललं, म्हणजे या भिंतीला सहा वेळा. न बदललं तर आपण गोंद काढत नसतो, एका जागेवरून उचलून पातळ करून सगळीकडे फासत असतो. शेवटी नुसत्या पाण्याचे दोन हात. मग ओल्या भिंतीवर तळवा फिरवून पाहिला. बुळबुळ लागली नाही तेव्हा दहा-बारा ठिकाणी आयोडीनचा थेंब टाकला. तीन ठिकाणी निळसर आला, तिथे पुन्हा धुतलं. दोन माणसांना या एका भिंतीला पूर्ण दिवस लागला.

धुताना धुण्याचा सोडा वापरावा का, हा प्रश्न येतो. सिमेंट-नीरूच्या भिंतीवर एका बादलीला दोन चमचे चालतो, मात्र नंतर भरपूर पाण्याने पुसायला हवं. पीओपीवर अजिबात नको. सोडा आणि पीओपीमधलं जिप्सम यांच्यातून सोडियम सल्फेट तयार होतं, ते वाळताना पृष्ठभागावर पांढऱ्या बुरशीसारखं फुलतं आणि रंगाला ढकलतं. भिंतीला लोणा लागल्यावर होतं तेच, फक्त इथे लोणा आपणच आणून लावलेला असतो.

टीव्हीच्या भिंतीवर म्हणूनच पाणी जवळजवळ नव्हतंच. पीओपी पाण्याने मऊ पडतं, जास्त भिजलं तर पट्टी त्यात रुतते. फोमचे पॅनल ड्रायरने गरम करत काढले. एका हाताने ड्रायर तीस-चाळीस सेकंद फिरवायचा, दुसऱ्या हाताने पॅनल उलट दुमडून सावकाश खाली न्यायचं. थंड ओढलं तर फोम मधूनच फाटतो आणि गोंदासकट त्याची पांढरी कातडी भिंतीवर उरते, मग दुप्पट मेहनत. हॉट एअर गन होती, पण इथे ती बाजूलाच ठेवली. पीओपी शंभर अंशांच्या पुढे तापलं की त्यातलं बांधलेलं पाणी उडतं आणि वरचा थर पिठासारखा होतो. नंतर तो प्रायमर घेतच नाही, ब्रशबरोबर सुटून येतो.

राहिलेला चिकट थर आधी कोरडाच काढला. काढलेल्या पॅनलची मागची चिकट बाजू त्या थरावर दाबून झटकन उचलली की गोंदाला गोंद चिकटून निघतो. युक्ती साधी आहे आणि निम्मं काम तिनेच होतं. उरलेलं आयसोप्रोपाइल अल्कोहोलने. फडक्यावर घ्यायचं, भिंतीवर ओतायचं नाही. फडक्याची घडी सतत बदलायची. ३६ चौरस फुटांना अर्धा लिटरच्या बाटलीतलं थोडं उरलं. अल्कोहोलने खालचा प्लास्टिक पेंटही मऊ होऊन निघतो. त्याची काळजी करायची नाही, गोंदाबरोबर गेला तर बरंच.

ही भिंत बाहेरच्या बाजूची होती. पॅनलच्या मागे हवा खेळत नाही, त्यामुळे खालच्या दोन फुटांत काळी बुरशी निघाली. ती गोंदाबरोबर घासायची नाही, कण उडतात. एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग असं स्पंजने लावलं, पंधरा मिनिटांनी ओल्या फडक्याने दोनदा पुसलं. ब्लीचमध्ये व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनियावालं दुसरं काहीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. बुरशीचं मूळ बाहेरच्या भिंतीच्या तड्यात होतं. तो तडा आधी भरला. आतून कितीही चांगलं काम केलं तरी बाहेरून पाणी येत असेल तर एका पावसाळ्यात सगळं वाया जातं.

आता मुलांची खोली. सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं. २२ रनिंग फूट, तीन फूट उंची, ६६ चौरस फूट तपकिरी रबरी गोंद, आणि खाली पुट्टी नसलेली नीरू. फ्लोअरिंग ओढल्यावर गोंद वाळलेला असेल अशी अपेक्षा होती, पण तो काकवीसारखा ओला निघाला. कारण पीव्हीसी शीट मऊ राहावी म्हणून त्यात जो तेलकट पदार्थ घालतात तो वर्षानुवर्षं हळूहळू गोंदात उतरतो आणि त्याला मऊ करतो. असा गोंद कडक होऊन कधीच निघत नाही, आणि तो तेलकटपणा रंगातही चढतो.

इथे पहिला विचार थिनरचा येतो. थिनर लावला की गोंद लगेच विरघळतो, बघायला फार बरं वाटतं. पण विरघळलेला गोंद पातळ होतो आणि नीरू टीपकागदासारखी त्याला आत ओढून घेते. वरून भिंत साफ, आत अर्धा मिलिमीटर खोल पिवळा डाग. म्हणून क्रम असा ठेवला: आधी जेवढा अखंड निघेल तेवढा कोरडा, मग उष्णतेने, आणि अगदी शेवटी द्रावक, तोही भिंतीत जाणार नाही अशा रीतीने.

हॉट एअर गन सर्वात कमी सेटिंगवर, भिंतीपासून सहा इंच, सतत हलती. भिंत हाताला चटका बसेल न बसेल इतकीच गरम. गोंदातून धूर किंवा उग्र वास यायला लागला तर तो जळतोय, लगेच मागे यायचं. एका वेळी वीतभर जागा गरम करायची आणि दोन इंची पट्टीने खालून वर उचलायची. प्रत्येक वेळी पट्टी जुन्या वर्तमानपत्रावर पुसायची, नाहीतर तोच गोंद पुढच्या जागेवर पुन्हा फासला जातो. अडीच दिवस गेले. कोपऱ्यात आणि स्कर्टिंगच्या कडेला गन न वापरता ड्रायर वापरला, स्कर्टिंगच्या टाइल्सना तडा जाऊ नये म्हणून.

मग राहिले तपकिरी छाया असलेले पट्टे. त्यांच्यासाठी लेप केला. खडूची पूड, जी रंगाच्या दुकानात व्हायटिंग म्हणून मिळते, टर्पेंटाईनमध्ये मळलेल्या कणकेइतकी घट्ट कालवायची. चार मिलिमीटर जाड थापायची, वर पातळ प्लास्टिक लावून दोन तास ठेवायचं. मग प्लास्टिक काढायचं आणि लेप पूर्ण वाळू द्यायचा. टर्पेंटाईन आत शिरून गोंद सैल करतं, आणि प्लास्टिक काढल्यावर ते लेपाच्या बाजूने बाहेर उडतं, तेव्हा गोंदही सोबत लेपात येतो. वाळलेला लेप पट्टीने उचलला तर भिंतीकडची बाजू पिवळसर असते. किती गोंद निघाला हे त्यावरूनच दिसतं. बहुतेक जागी दोन लेप लागले, दोन ठिकाणी तीन. वेळ लागतो, पण नीरू वाचते. या कामाच्या दिवशी देवघरातलं निरंजन, उदबत्ती, शेजारच्या स्वयंपाकघरातला गॅस, सगळं बंद. खिडक्या सताड उघड्या. टर्पेंटाईनची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, गच्चीवर उघडी पसरून वाळवायची आणि मगच टाकायची. रॉकेल किंवा पेट्रोल वापरणारे अजून भेटतात. रॉकेलचा तेलकट थर भिंतीवर राहतो आणि पेट्रोल तर बंद खोलीत जीव घेईल.

भिंतीवर पुट्टीचा जाड थर असता तर एवढं केलं नसतं. पुट्टी एक-दीड मिलिमीटर जाड असते. गोंद त्यात मुरलेला असेल तर गोंदाशी झगडत बसण्यापेक्षा तो थरच गोंदासकट खरवडून नवी पुट्टी ओढणं स्वस्त पडतं आणि काम खात्रीचं होतं. कोणता थर वाचवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे पहिल्या दिवशीच्या त्या दोन इंची गोलातून ठरतं.

आरशाच्या सिलिकॉनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नव्या ब्लेडने भिंतीला चिकटून कापायचं आणि खालचा मिलिमीटरभर थर घासून काढायचा. सिलिकॉनवर कोणताही रंग, पुट्टी, प्रायमर धरत नाही, त्यामुळे तिथे तडजोड नाही. पॉलिश पेपरने घासलं तर त्याच पेपरचा तुकडा दुसरीकडे वापरायचा नाही, सिलिकॉनचा अंश सोबत जातो.

हे सगळं सिमेंटच्या घरातलं. पंचवटीत, जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत जे वाडे अजून उभे आहेत, तिथल्या चुन्याच्या भिंतींना यातलं बरंचसं चालत नाही. तिथे जुने कागद, कॅलेंडरं, देवांच्या तसबिरींचे पुठ्ठे गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवलेले असतात. खळ पाण्याने सुटते, पण पाणी फवारायचं नाही. स्पंज घट्ट पिळून, नुसता दमट, जागेवर पाच मिनिटं धरायचा आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचा. लोखंडी पट्टी चुन्यात खोल जाते. व्हिनेगर, ॲसिड काहीही नको, चुना विरघळतो. कागदामागे कसर लागलेली असते, ती मऊ ब्रशने आधी झाडून घ्यावी. आणि गोंद निघाल्यावर तिथे ॲक्रिलिक पुट्टी किंवा ऑइल प्रायमर मारून भिंत बंद करू नये. गोदावरीच्या पूररेषेतल्या घरांच्या भिंती पावसाळ्यात खालून ओल ओढतात आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडतात. वाट बंद केली की ओल आतच साचते आणि भिंत गिलावाच सोडते. खड्डे मुरवलेल्या चुन्यानेच भरायचे, वर चुन्याचा हात. दाराच्या चौकटींवर, डॅडोवर (भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर) जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये, ओला करूनच घासावा. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असणार असंच धरून चालायचं, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

इंदिरानगरचं काम फेब्रुवारीत होतं. हा काळ चांगला. नाशिकची हवा तेव्हा कोरडी असते, धुतलेली भिंत दोन दिवसांत सुकते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच भिंतीला आठवडा लागतो आणि तरी खात्री नसते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पाण्याचा प्रायमर ऊन वर आल्याशिवाय, साधारण अकराच्या आत, उघडू नये. थंडीत तो नीट एकजीव होत नाही. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई असते आणि नेमकी पावसाची ओल तेव्हा भिंतीत असते. २०२७ च्या सिंहस्थासाठी पाहुण्यांच्या खोल्या तयार करणाऱ्यांनी तरी हे काम त्याआधीच्या उन्हाळ्यात उरकावं. सुकलं की नाही हे हाताने कळत नाही. एक फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर बंद करून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव दिसलं किंवा खालची भिंत गडद दिसली तर थांबायचं.

सुकल्यावर खड्डे भरले. एका हातात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, खोल खड्ड्यांना दोन हात. मग १२० आणि नंतर २२० नंबरचा पेपर, धूळ मऊ ब्रशने झाडून दमट फडक्याने पुसली. मुलांच्या खोलीत लेपानंतरही दोन ठिकाणी हलकी पिवळी सावली होती. तिथे चपडा (शुद्ध केलेली लाख) लावला, एक लिटर स्पिरिटमध्ये पाव किलो, रात्रभर भिजवून गाळलेला, दोन हात. चपडा डाग वर येऊ देत नाही. पण तो फक्त पूर्ण कोरड्या, जुन्या भिंतीवर लावावा. नव्या गिलाव्याचा किंवा ताज्या सिमेंट-पुट्टीचा खार त्याला खातो, म्हणून तिथे खड्डे भरायच्या आधीच डागांवर चपडा मारून घेतला होता.

पूर्ण प्रायमर मारण्याआधी प्रत्येक भिंतीवर संशयाच्या जागी एक फूट चौकोनात प्रायमर मारून रात्रभर ठेवला, एकूण सात ठिकाणी. सकाळी त्यावर ब्लेडने फुलीची चीर मारली, चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. सहा जागी पट्टी कोरी आली. सातवी जागा हॉलच्या डाव्या कोपऱ्यात, स्कर्टिंगच्या वर. तिथे बारीक भेगाही होत्या आणि पट्टीबरोबर प्रायमर सुटून आला. वरची भिंत धुताना गोंदाचं पाणी ओघळून तिथे खाली साचलं होतं, आणि खालचा वीतभर भाग आम्ही सगळ्यात आधी धुऊन मोकळे झालो होतो. धुवायला वरून सुरुवात करायची आणि खालचा पट्टा सगळ्यात शेवटी, पुन्हा नव्या पाण्याने, हा क्रम तिथे मोडला होता.

तो पूर्ण १२ फुटांचा खालचा पट्टा, स्कर्टिंगपासून दीड फूट वरपर्यंत, पुन्हा गरम पाण्याने धुतला. वर भरलेली थोडी पुट्टी गेली, ती जाऊ दिली. आयोडीनचा थेंब दर फुटाला टाकला. पहिल्या धुण्यानंतर चार ठिकाणी निळसर आला, दुसऱ्यानंतर एकाही ठिकाणी नाही. दोन दिवस सुकवून, खड्डे पुन्हा भरून, त्याच कोपऱ्यात पुन्हा एक फूट प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढलेली पट्टी कोरी होती. अकरा वाजता हॉलच्या प्रायमरचा डबा उघडला.